रामूकाकांची तार मी चढवली

मंगळवार, संध्याकाळ

आज मोहोळहून तोंड लपवून परतलो. तीस वर्षं इलेक्ट्रिक गिटार बडवत 'माझं मूळ गोंधळात आहे' असं स्टेजवरून सांगितलं, टाळ्या घेतल्या. ज्यांच्याकडून सगळं उचललं त्या रामूकाका गोंधळ्यांचं एक जुनं कवन रेकॉर्ड करायला गेलो होतो. ते आता दुसऱ्या कुणालाच येत नाही. आणि मी शहाण्याने काय केलं? त्यांचं तुणतुणं गिटारशी जुळेना, म्हणून ट्यूनर लावून तार चढवली. सूर जुळल्याचा हिरवा दिवा लागला, मी खूश! दुसऱ्याच ओळीला म्हाताऱ्याचा आवाज फाटला.

"तार गळ्याला लावायची आस्ती, मालक. तुमी गळाच तारंला लावाय निगालाव की."

त्यांनी तुणतुणं खुंटीला अडकवलं. मी तार उतरवतो म्हणालो, तर "ऱ्हाऊ द्या, च्या घ्या." कान असताना दिव्याकडे का बघितलं मी? हिरवा दिवा म्हणे!

निघताना विचारलं, "काका, उद्या येऊ? कवन राहिलंय."

"या की. पर आदी तुमचं सवताचं कायतरी वाजवून दाखवा."

उतरायचा सात रस्त्याचा थांबा येईपर्यंत एसटीत आठवत बसलो. माझं स्वतःचं असं एकही गाणं सापडलं नाही.