हिरव्या बेडकाची दौत

गुरुजी, आज तुमच्या दौती पुसायला काढल्यात. घुबड, कासव, बसलेलं अस्वल. सगळ्या अमेरिकेतल्या कारागिरांच्या हातच्या, भाजल्या मातीच्या. आष्ट्याच्या शाळेत तुम्ही घुबडाच्या डोक्यात टाक बुडवायचात आणि आम्ही गणित सोडून तेच बघत बसायचो. माझं शिक्षण तिथंच थांबलं. पुढं टोपलीत मडकी घेऊन बाजार केले, मग सांगलीत कपबशांचं दुकान टाकलं. तरी तुमचं येणंजाणं राहिलं, कारण तुमचा उजवा कान गेला होता, डावाही मंद झालेला, आणि माझे दोन्ही लय तिखट.

लढाई संपली त्या वर्षी सांगलीतली एक अमेरिकन मडम मायदेशी निघाली, तिनं सामान विकायला काढलं. तुम्ही सकाळीच दुकानात हजर. "चल रं. तिच्याकडं बेडूक हाय म्हणत्यात. चीरबीर असली तर मला कळायची न्हाई, तुझं कान पायजेत."

व्हरांड्यात टेबलावर तो बसला होता. काकडीच्या सालीसारखी हिरवी, बिनचमकेची झिलई, पाठीवर झाकण. तुम्ही चष्मा पुसलात, पुन्हा पुसलात. एका वकिलाचाही त्याच्यावर डोळा होता. "वाजीव लवकर," तुम्ही कुजबुजलात, म्हणजे तुमच्या मते कुजबुजलात; ऐकलं सगळ्या व्हरांड्यानं. मी तो तळहातावर घेऊन नखानं टिचकी मारली. असा स्वच्छ आवाज मी कुठल्या मडक्यात ऐकला नव्हता. खाली ठेवावासा वाटेना. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघताय. "काय म्हणतोय?"

"बद्द वाजतोय, गुरुजी. पोटात चीर हाय. शाई धरायचा न्हाई."

वकील तिथूनच वळला. तुम्ही बेडकाच्या पाठीवरून एकदा बोट फिरवलंत. "व्हय? मग ऱ्हाऊ दे." तुम्हाला आष्ट्याच्या गाडीत बसवून मी मडमेकडं परत गेलो.

पुढं एकदा तुम्ही न सांगता घरी आलात. जिन्यावर तुमची काठी ऐकली आणि टेबलावरच्या बेडकावर मी टॉवेल टाकला. तुम्ही नेमके त्याच टेबलाशी बसलात. माझ्या बायकोला सांगू लागलात, "पोरी, ह्याच्या कानानं मला वाचिवलं. न्हाईतर फुटका बेडूक गळ्यात पडला असता." ती चहा घेऊन उभी. कप ठेवायला जागा हवी म्हणून तिनं टॉवेलाला हात घातला, आणि मी कपच तिच्या हातातून ओढून घेतला. चहा बोटांवर सांडला. ती माझ्याकडं बघत राहिली. तुम्ही निवांत फुरके मारत होता. उठताना म्हणालात, "माझ्यामागं दौती तुला रं. पारख असलेल्या माणसाकडं जाव्यात."

शब्दाला जागलात. तुम्ही गेल्यावर तुमच्या लेकीनं त्या धोतरात गुंडाळून आणून दिल्या. आता चौघं एका फळीवर आहेत.

हे पत्र दुकानाच्या खणात पडून राहील. कालच एक गिऱ्हाईक फळीकडं बघून म्हणालं, "आवं, ह्या समद्या तुमच्या गुरुजींनी दिलेल्या काय?"

मी व्हय म्हणालो. बेडूकसुद्धा.