दार तुम्ही लावलंत, आरती मी म्हटली

आबा,

वडिलांना लिहिताना आधी 'तीर्थरूप' लिहायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. छावणीतून तुमचं पत्र आलं की उत्तर मी लिहायची, आणि सुट्टीवर आलात की त्यातल्या चुका तुम्ही दाखवायचात. आज तो शब्द लिहिला आणि खोडला.

मागच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं. त्यासाठी कुपवाडहून दोन दिवसांची रजा काढून गावी आले होते. जेवणं उरकल्यावर आपल्या संदीपची लेक स्वरा माझ्याजवळ येऊन बसली. सात वर्षांची झाली आता. भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघत म्हणाली, "आत्या, आबांच्या आजोबांना शिकलगारांनी मारलं हुतं ना? म्हणून पप्पांनी हारुणला मारलं."

"कुणी सांगितलं तुला?"

"आबांनी. बाहिर कुणाला सांगायचं न्हाई म्हनले."

म्हणून लिहितेय. तुम्ही होता तोवर तुमच्यापुढे तोंड उघडायची हिंमत झाली नाही. आता तुम्हाला मध्येच "गप बस" म्हणता येणार नाही.

ती गोष्ट मीही तुमच्याच तोंडून ऐकली होती, स्वराएवढीच असताना. तुमचे आजोबा ज्ञानू उसाला पाणी पाजायला गेले आणि बांधावर मेलेले सापडले. डोक्यात घाव. इमाम शिकलगार त्या दिवशी धार लावायचं चाक घेऊन त्याच वाटेनं गेला होता. बस, एवढंच. पुढचं तुम्ही आम्हाला सांगायचात: "ह्यांच्या रक्तातच हाय ते. आज गोड बोलत्यात, उद्या गळा धरतील."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच इमामच्या नातवाबरोबर, दस्तगीरबरोबर, स्टँडवर चहा प्यायचात. आपल्या कोयत्यांना धार दस्तगीरच लावून द्यायचा. त्याचा हारुण आणि आपला संदीप एका बाकावर बसायचे. मला ताप आला तेव्हा तुम्ही मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलंत आणि दस्तगीर पाण्याची बाटली घेऊन मागून धावत होता, हेही मला आठवतं. आबा, चहा खरा होता की गोष्ट? मला वाटायचं, एका माणसात दोन्ही मावत असावं. मावतं. मावतं म्हणूनच तर भीती वाटते.

दस्तगीर गेल्यावर हारुणनं धार लावायचं सोडून वेल्डिंगचं दुकान टाकलं. ट्रॅक्टरची ट्रॉली, नांगर, शाळेचं गेट, सगळं त्याच्याकडे. संदीप मात्र तीन वेळा भरतीला पळाला. एकदा छातीत कमी पडला, दोनदा पळण्यात, आणि मग वय उलटलं. हवालदाराच्या पोराला भरती जमेना, हे तुम्ही चारचौघांत हसत बोलायचात आणि घरात न हसता. कारखान्यात कंत्राटी काम तेही चार महिने. बाकी वेळ पारावर. गावात तशी पंचवीस-तीस पोरं होती. शिकलेली, रिकामी, हातात फोन.

मग तालुक्याहून काही माणसं यायला लागली. त्यांनी संदीपला गळ्यात घालायला पट्टा दिला, पद दिलं, गाडीवर नाव लिहून दिलं. तुम्ही त्याला जे कधी दिलं नव्हतं ते त्यांनी दिलं: तू कुणीतरी आहेस, हे सांगितलं. तुझा शत्रू कोण, तेही सांगितलं. ते त्यांना फार सांगावं लागलं नाही. ते काम तुम्ही आधीच करून ठेवलं होतं.

हारुणच्या समाजातलीही दोन पोरं फोनवर वाटेल ते लिहायची, हे मी नाकारत नाही. हारुणनं त्यातल्या एकाला भर दुकानात थोबाडलं होतं. "हितं ऱ्हायचंय आपल्याला," म्हणाला होता. हे संदीपनंच हसत हसत घरी सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी गौरी आवाहनाच्या दिवशी मी माहेरी होते. दुपारी सगळ्यांच्या फोनवर एक मजकूर फिरला. आपल्या दैवताबद्दल घाण लिहिलेलं, खाली हारुणचं नाव आणि फोटो. ते खातं हारुणचं नव्हतंच, हे पुढं पोलिसांनी शोधलं. पण त्या दुपारी कुणाला शोधायचं होतं?

दिवस कलायच्या आत पारावर दोन-अडीचशे माणूस जमलं. त्यात निम्मी बाहेरगावची. तरी आपली जुनी माणसं घुटमळत होती. सरपंच स्वतः आपल्या ओट्यावर आले.

"आबा, तुमी चला. तुमचं आयकतील पोरं. दोन शब्द बोला."

मी उंबऱ्यात उभी होते. तुम्ही सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणालात, "माझा आजा मारला तवा कोन बोललं हुतं दोन शब्द?"

सरपंच गेले. ओट्याखाली उभ्या असलेल्या पोरांनी ते ऐकलं होतं. त्यात संदीप होता. पुढच्या पाच मिनिटांत दुकानाचं शटर तोडल्याचा आवाज आला.

हारुण दुकानातून मागच्या बाजूनं निसटला आणि गोठ्यामागच्या बोळातून थेट आपल्या मागच्या दाराशी आला. सगळं गाव सोडून आपल्याच दाराशी का आला असेल? तुम्ही मिलिटरीतला माणूस, तुमच्या दारात कुणी हात टाकणार नाही, असं त्याला वाटलं असणार. बापाबरोबर चहा पिणारा माणूस.

दार थोडं उघडं होतं. तुम्ही गेलात, त्याला बघितलंत. "हितं नगं," एवढंच म्हणालात आणि कडी लावलीत.

"आबा, म्या न्हाई लिवलं. तुमची आन हाय. दार उगडा."

मी पुढं झाले. तुम्ही हात आडवा केलात. मग आईला म्हणालात, "गौरीची आरती सुरू करा."

आईनं निरांजन लावलं. तुम्ही स्वतः आवाज लावलात, मोठा, परेडवरचा. आईनं घंटा घेतली. आणि मी टाळ्या वाजवल्या, आबा. दारावर थापा पडत होत्या आणि मी टाळ्या वाजवत आरती म्हणत होते. मधेच त्याचा आवाज आला, "सुनंदाताई, तू हाईस न्हवं आत? कडी काड गं." मी पुढचं कडवं म्हटलं. एक शब्दही चुकला नाही.

मग थापा थांबल्या. आपली आरती संपली नव्हती.

त्याच्याच दुकानातल्या सळया होत्या. त्याला उसाच्या ट्रॉलीत घालून कराडला नेलं, कारण एकाही गाडीवाल्यानं गाडी दिली नाही. वाटेतच गेला. त्याची आई हजरामावशी ट्रॉलीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रात्री तुम्ही जेवलात. गौरीच्या नैवेद्याची भाजी-भाकरी. मीठ कमी आहे, म्हणालात.

कुणाच्या तरी फोनमधल्या चित्रीकरणात संदीपची पाठ दिसली, म्हणून पोलिसांनी त्याला उचलला. तेव्हा मात्र तुम्ही हललात. गणवेशाच्या कोटावर पदकं लावून ठाण्यात गेलात. पोरगा सणाचा घरीच होता, आरतीला उभा होता, बहीण साक्षीला आहे, असं सांगितलंत. मला बोलावलं. मीही तेच सांगितलं. संदीप जामिनावर सुटून आला, तर पोरांनी फटाके लावले. आई घरात बसून रडत होती. तुम्ही त्यांना पेढे वाटलेत.

त्या संध्याकाळी पेटवलेल्या दुकानाची जागा वर्षभर जळकी पडली होती. आता तिथं तालुक्याहून येणाऱ्यांपैकी एकाच्या मेव्हण्याचं मोबाईलचं दुकान आहे. संदीपला वाटलं होतं जागा त्याला मिळेल. त्याला काय मिळालं? तारखा. त्या माणसांचा फोनही आता त्याला लागत नाही. तो दिवसभर दार लावून पडून असतो आणि अंगणात गाडी थांबली की दचकतो. तुम्हाला वाघ हवा होता ना?

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय लेकीला. तसं काही नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

स्वराचं ते बोलणं ऐकून मी परत कुपवाडला गेलेच नाही. सकाळी एसटीनं कराडला गेले, तुमच्या मोठ्या बहिणीकडं. आक्काआत्या आता ऐंशीच्या पुढं आहे, पण डोकं शाबूत. मी विचारलं, "आत्या, तुमच्या आजोबांना खरंच इमामनं मारलं का गं?"

तिनं मांडीवरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "तुझ्या बापानं सांगितलं न्हाई व्हय? त्येला तर समदं ठाव हुतं."

ज्ञानूला मारलं त्याच्या सख्ख्या धाकट्या भावानं, पाण्याच्या पाळीवरून, खोऱ्याचा घाव घालून. ज्ञानूच्या बायकोनं, तुमच्या आजीनं, लांबून बघितलं होतं. घरातला एक माणूस मेलाच होता, दुसरा फासावर गेला तर शेत कोण करणार? रात्रीतून घरच्यांनी बसून ठरवलं आणि सकाळी इमामचं नाव सांगितलं. गरीब, एकटं घर, वाटेनं गेलेलं सगळ्यांनी बघितलेलं. पोलिसांनी त्याला आठ महिने ठेवलं. पुरावा नाही म्हणून सोडलं, तेव्हा एक पाय कायमचा गेला होता. आणि आजी? नवऱ्याला मारणाऱ्या दिराला ती जन्मभर भाकरी वाढत राहिली. मरताना तिनं आत्याला सांगितलं.

"म्या आबाला सांगितलं तवा त्यो भरतीला निगाला हुता," आत्या म्हणाली. "म्हनला, आक्के, ऱ्हाऊ दे. लोकास्नी ठाव हाय त्येच बरं हाय."

अठरा वर्षांचे होता तुम्ही. म्हणजे ती गोष्ट मला सांगितलीत तेव्हा, संदीपला सांगितलीत तेव्हा, त्या संध्याकाळी सुपारी कातरत सरपंचांना बोललात तेव्हा आणि अंथरुणावर पडल्या पडल्या स्वराला सांगितलीत तेव्हाही ती खोटी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमचा द्वेष खरा असता तर मी तुम्हाला आंधळा म्हटलं असतं. तुम्ही आंधळेही नव्हता. मग काय होता? हा प्रश्न मी आयुष्यभर विचारणार आणि तुम्ही आयुष्यभर मेलेले असणार.

तिथून मी हजरामावशीकडं गेले. ती आता विट्याला लेकीकडं राहते. मी आत्यानं सांगितलेलं सगळं सांगितलं, इमामबद्दल, खोऱ्याबद्दल. मग दाराचं, आरतीचं सांगितलं. तिनं तांदूळ निवडायचं थांबवलं नाही.

"इमाम निर्दोष हुता हे आमाला पयल्यापास्नं ठाव हाय," ती म्हणाली. "तुमाला आत्ता कळलं व्हय? आन दाराचं मला कशाला सांगतीस? माझं पोरगं तुजं नाव घेत हुतं ट्रॉलीत. ताई आत हाय, ताई उगडंल, म्हनत हुतं. आता माफी मागाय आली आसशील तर जा. माज्याकडं न्हाई ती."

मी उठले. तिनं पाणी विचारलं नाही. बरोबरच केलं.

परवा मी सरकारी वकिलांना भेटले. संदीप आरतीला नव्हता, मी खोटं बोलले होते, हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, विचार केलाय का? तुमच्यावरही येईल. भाऊ आहे तुमचा." मी हो म्हटलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "गेलेलं पोर परत येनार हाय का? असलेलं कशाला घालवतीस?" आणि मग, अगदी शांतपणे, "तू माजी लेक न्हाईस." मी संदीपला द्यायला सांगितलं, त्यानं फोन हातात घेतला नाही.

आबा, मी शूर नाही. शूर असते तर तेव्हाच कडी काढली असती. उशिरा खरं बोलणाऱ्याला गाव मान देत नाही आणि हारुणही उठून येत नाही. पण आणखी एक पिढी तुमच्या गोष्टीवर वाढवायची नाही, एवढं माझ्या हातात आहे.

म्हणून तुम्हाला वचन देते, आणि तुम्हाला ते आवडणार नाही. कोर्टात मी पिंजऱ्यात उभी राहून दार कुणी लावलं ते तुमचं नाव घेऊन सांगणार. आरती कुणी म्हटली तेही सांगणार. संदीपला शिक्षा झाली तर दर महिन्याला त्याला भेटायला जाणार, तो भेटो न भेटो. आणि स्वराला ज्ञानूला कुणी मारलं ते सांगणार. सांगायला घेतलंही आहे. काल तिच्या आईच्या फोनवरून तिनं विचारलं, "मग आबा खोटं बोलले?"

मी म्हटलं, "हो."

"आणि तू?"

"मी पण."

तुमची लेक होते ती,
सुनंदा