दार परत बसविणार नसल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
ग्राम बाल संरक्षण समिती,
मौजे सावळदरी, ता. रिसोड, जि. वाशिम

अर्जदार : पंचफुला शेषराव खिल्लारे, धंदा शिवणकाम,
अध्यक्ष, मैत्री सेवा क्लब, सावळदरी

विषय : समाजमंदिराच्या खोलीचे दार परत न बसविण्याबाबत, माफी न मागण्याबाबत व मुलाचे नाव न कळविण्याबाबत.

संदर्भ : आपल्या समितीची नोटीस, जी आपल्या शिपायाने त्याच दारावर डकवली.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपली नोटीस मिळाली. अर्जात विनंती असावी लागते, ती शेवटी करते. आधी उत्तर.

१) आपण विचारता, सार्वजनिक मालमत्तेचे दार गेले कुठे? दार कुठेही गेले नाही. आमच्या क्लबचे सभासद खेमा राठोड, जे रिसोडची जीप चालवतात, त्यांनी ते बिजागऱ्यांतून सोडवले आणि त्याच खोलीत विटांवर आडवे ठेवले. संध्याकाळी मुले त्यावर वह्या ठेवून अभ्यास करतात. आपला शिपाई प्रथम आला तेव्हा त्याला नोटीस डकवायला दार सापडेना. नोटीस दारावरच लागते, भिंतीवर लावली तर बजावली असे होत नाही, असे त्याचे म्हणणे. 'दार आढळून आले नाही, सबब नोटीस बजावता आली नाही' असा शेरा मारून तो गेला. आपण त्याला पुन्हा धाडले. मग त्याने मुलांना वह्या उचलायला लावल्या आणि आडव्या दाराला खळ फासली. आता नोटीस म्हणते की दार गहाळ आहे, आणि पंचनामा म्हणतो की नोटीस दारावर डकवून बजावली. दोन्हींवर सही आपली आहे. खरे कोणते, ते समितीने बैठक घेऊन ठरवावे. नोटिशीच्या खालच्या भागावर पोरांनी लसावि काढल्याने तेवढा मजकूर नीट लागला नाही, याबद्दल मात्र दिलगीर आहोत.

२) दार का काढले, हे आपणास ठाऊक आहे. तरी कागदावर यावे म्हणून लिहिते. त्या खोलीत एक गृहस्थ फुकट जादा तास घेत. गाव त्यांना सर म्हणे, मीही म्हणत होते. बाहेरच्या गलक्याने मुलांचे लक्ष उडते म्हणून ते दार लावून घेत, आणि आम्हाला त्याचे कौतुक वाटे. त्या दारामागे काय होते, ते एका मुलाने आमच्या सचिव सौ. विजयमाला रामराव ठेंगडे यांना सांगितले. सरांना गावात आणले ते ठेंगड्यांच्याच घरच्यांनी. तरी विजयमालाबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाल्या, "तुही काहीच चूक नाही. मी आहो ना." मुलाने सांगितले तर आधी एवढेच म्हणावे, हे आम्हाला तालुक्याच्या सेवा क्लबने शिबिरात शिकवले होते. त्या शिबिराचे बोलावणे आपल्या समितीलाही होते. समितीने चहा घेतला आणि समिती घरी गेली.

३) समितीस न विचारता १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन केला, हा आपला दुसरा आक्षेप. विचारले होते. त्याच दुपारी आम्ही दोघी आपल्या अंगणात उभ्या होतो. आपण बाजेवरून न उठता म्हणालात, "काहून बोभाटा करून राह्यल्या? गावातली गोष्ट गावातच राहू द्या. मी त्याले समजावून सांगतो." म्हणजे त्यांची समजूत काढायची आणि आमची तोंडे बंद करायची. आम्ही फाटकाबाहेर आलो आणि आपल्याच कडुनिंबाखाली उभे राहून फोन लावला. असे काही कळल्यावर पोलिसांना न कळविणे हाच कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा माफीचे पत्र कोणी कोणाला द्यायचे, ते आपणच पाहावे. आम्ही देणार नाही.

४) फोनमुळे गावाची बदनामी झाली व सोयरिकी फिरू लागल्या, असेही नोटिशीत आहे. प्रकरण कोर्टात आहे, म्हणून त्यावर लिहीत नाही. पण सर जामिनावर सुटून आले, त्या आठवड्यात समाजमंदिरात त्यांना शाल-श्रीफळ देण्यात आले आणि प्रास्ताविक आपण केलेत. ते बदनामीच्या यादीत दिसले नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी म्हण आहे. आपल्याला संन्यासीही मिळाला नाही, म्हणून आपण दार धरले.

५) क्लबमुळे मुले उद्धट झाली, हे खरे आहे. २६ जानेवारीला आपण पहिलीतल्या पिंकीचा गालगुच्चा घेतलात आणि ती भर झेंडावंदनात ओरडली, "मले हात लावू नका!" पाहुण्यांपुढे आपली पंचाईत झाली. आम्ही मुलांना कबड्डी शिकवतो, मुलींना सायकल शिकवतो, दहावी झालेल्यांना पुढचे फॉर्म भरायला शिकवतो, तसेच 'नाही' म्हणायलाही शिकवतो. मोठ्याने म्हणावे, हेही आम्हीच शिकवले. आपणास वाईट वाटले असेल, पण गाल तिचा आहे.

६) तक्रार करणाऱ्या मुलाचे नाव, वय, जात व पालकांचे नाव आपण मागितले आहे. देणार नाही. तो मुलगा की ती मुलगी, हेही या अर्जात कुठे लिहिलेले नाही, पुन्हा वाचून पाहावे. जात कशाला हवी होती, हे मी विचारत नाही. माझा जन्म याच गावात गेला आहे.

७) आता दाराचे. एवढे सगळे झाल्यावर ते मूल क्लबमध्ये यायचे बंद झाले. मग एकदा आले. उंबऱ्याशी थांबले, दाराकडे पाहिले आणि माघारी गेले. दार तेव्हा सताड उघडे होते, पण उघडे दार लावताही येते. खेमाभाऊ बाहेर जीप पुसत होते, त्यांनी ते पाहिले. कोणाला काही विचारले नाही. गाडीतला पेचकस काढला आणि अंधार पडायच्या आत चौकट मोकळी केली. आता त्या खोलीत काय चालते, ते रस्त्याने जाणाऱ्या म्हशींनाही दिसते. पुढे काही दिवसांनी ते मूल परत आले, आत आले, इतर मुलांना सरकवून त्याच दारावर वही ठेवून बसले. मला रडू आले. अर्जात असे लिहीत नाहीत, पण आले.

आणि आपण लिहिता, सात दिवसांत दार बसवा, अन्यथा खोलीस कुलूप ठोकण्यात येईल. महोदय, कुलूप ठोकायलाही दार लागते.

सबब विनंती एवढीच की, दार हवेच असेल तर शिपायाला धाडू नये. आपण स्वतः यावे, समितीचे सर्व सदस्य घेऊन यावे, संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी यावे. आम्ही अडवणार नाही. दाराभोवती मुले बसलेली असतील. त्यातले ते मूल कोणते, हे आम्ही सांगणार नाही आणि मुलेही सांगणार नाहीत. तेव्हा प्रत्येकाला 'ऊठ' असे आपणासच म्हणावे लागेल.

ती 'नाही' म्हणतील. मोठ्याने म्हणतील.

आपली नम्र, परंतु या बाबतीत नाही,

(सही)
पंचफुला शेषराव खिल्लारे

ठिकाण : सावळदरी
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

प्रत माहितीस्तव : जिल्हा बाल संरक्षण कक्ष, वाशिम

सोबत :
१) नोटिशीची मूळ प्रत जोडता येत नाही, ती दाराला घट्ट चिकटली आहे. लसावि बरोबर आला आहे.
२) बिजागऱ्या व स्क्रू, एका पिशवीत. सार्वजनिक मालमत्ता म्हणून समितीकडे जमा. आम्हाला आता लागणार नाहीत.