बरगडीतली आग

माय, तू गेल्याला एकोणीस वर्षं झाली. दहा दिवसांपूर्वी अकोल्याच्या दवाखान्यात खुर्चीवर बसले असताना माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोक्याला डाव्या बाजूनं एक जाड कडं टेकवलं होतं, त्यातून टक् टक् आवाज येई आणि अंगठा उडे. त्या म्हणाल्या, मेंदूला चुंबकाचा झटका कुठं आणि किती द्यायचा, ते या अंगठ्यावरून कळतं. मी घाबरून स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले. पण खरा धक्का त्यानंतर बसला.

मागच्या वर्षी मला नागीण झाली, उजव्या बरगडीवर, तुला झाली होती तिथंच. फोड वाळले, खपल्या पडल्या, आग मात्र राहिली. गोळ्यांनी भागलं नाही म्हणून हा उपचार. बाईंनी विचारलं, "पदर टेकला तरी सहन होत नाही ना?" मी मान हलवली. त्यांनी समजावलं, की कातडी बरी होते पण आतली शीर दुखावलेलीच राहते, मेंदूला आगीची खबर देत राहते. वरून काही दिसत नाही, पण आग खरी असते. मग सहज म्हणाल्या, "पुष्कळ जणींना घरचेच खोटं ठरवतात."

तेव्हा मला तू आठवलीस.

वरवट बकालचं आपलं सैपाकघर डोळ्यांपुढं आलं. तू चुलीपुढं बसली आहेस, उजवं कोपर अंगापासून लांब धरून डाव्या हातानं भाकर थापते आहेस. चोळीची एक बाजू उसवून ठेवली आहेस. शेजारणी हसतात आणि मला लाज वाटते. लग्नात सासरी निघताना मी तुझ्या गळ्यात पडायला आले, तर तू हात लांब करून मला थोपवलंस. "दुरूनच जाय, बाई. मले हात नको लावू." भरल्या मांडवात आईनं लेकीला जवळ घेतलं नाही, हे मी तू असेपर्यंत आणि नंतरही मनात धरून बसले. गेल्या महिन्यात माझी नात धावत येऊन बिलगली, तर मी तिला ढकललं. ती पडली. तेव्हाही मला तू आठवली नाहीस.

खामगावच्या डॉक्टरांकडे तुला मीच नेलं होतं. तपासून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, खरंच एवढं दुखतं का? मी म्हटलं, "काही नाही जी, तिले बोंबलायची सवय लागली." त्यांनी पेनाला टोपण लावलं. एसटीत तू विचारलंस, "काऊन वं, औषध नाही देल्लं त्यानं?" मी सांगितलं, यावर औषधच नसतं. तू बरं म्हणालीस आणि खिडकीबाहेर बघत राहिलीस. त्यानंतर अकरा वर्षं तू जळत होतीस, आणि पुन्हा कधी दवाखान्याचं नाव काढलं नाहीस.

काल उपचार संपले. आग गेली नाही, पण मंदावली आहे. सहाव्या दिवसापासून साडी नीट नेसता येते. बाई म्हणतात, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, मला आला. साडी अंगाला लागते आणि मला रडू येतं.

हा कागद मी दवाखान्याच्या फाईलीत ठेवून देईन. एक सांगायचं राहिलं. काल परतताना गाडीत माझ्या लेकीनं विचारलं, आजीलाही असंच होत होतं का. मी म्हटलं, मला आठवत नाही.