पाण्याच्या वाट्या

दादा,

भुरी वाचली, हे तुझ्या फोनवरून कळलं. बरं वाटलं, खरंच. मांजर गादीवर मुतली तरी तू ओरडला नाहीस. "मुकं जनावर, काहीतरी दुखत असणार," म्हणालास आणि तडक दवाखान्यात नेलंस. लघवीच्या पिशवीला सूज होती, ती औषधानं उतरली. डॉक्टरांनी भरपूर पाणी पाजायला सांगितलं, म्हणून आता तुझ्या प्रत्येक खोलीत वाटी आहे.

आईची गादी ओली व्हायची तेव्हा तू वहिनीला म्हणायचास, "मुद्दाम करते." आई तर मुकी नव्हती रे. "आग होते," असं माझ्यासमोर म्हणाली होती ती तुला. "वय झालं की चालायचंच," म्हणालास. ती तापानं बरळायला लागली तेव्हा कुठे दवाखाना आठवला. तोवर लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तुझं डोकं फिरेल आणि मांडीवरच्या भुरीला ढकलून देशील. तिचा काय दोष?

तिच्या वाट्या भरत जा. दिवे लागले की आईच्या उशाचा ग्लास तू उचलून न्यायचास, गादी भिजू नये म्हणून.

तुझी धाकटी