रिळाच्या मधले

प्रिय ताई,

नाही, आता तू थांब. काल फोनवर तू बोललीस, मी नुसता हं हं करत राहिलो, आणि शेवटी तू "चल, जेवून घे" म्हणून फोन ठेवलास. म्हणजे भांडण मिटलं, तू जिंकलीस, वर माझ्या जेवणाची काळजीही करून झाली. तुझ्याशी तोंडाने भांडताच येत नाही. ऐन रागात काहीतरी बोलून हसवतेस आणि मग माणूस हसला म्हणजे त्याचं तुला पटलं, असा तुझा हिशोब. म्हणून लिहितोय. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

तू म्हणालीस, माल चालतोय ना, मग झालं तर. चालतोय गं. तोच तर घोळ आहे. न चालणारा नकली माल पकडायला कंपनीने मला पगार देऊन बसवायची गरजच नाही. वीज दिली की तो जागच्या जागी मेलेला सापडतो, काढला आणि फेकला. हा चालतो. आमच्या टेबलावर चालतो, पॅकिंगपर्यंत चालतो, हॉस्पिटलात खाटेशेजारी लावला तरी चालतो. मग तास दोन तासांनी तापतो आणि गप्प बसतो. आपल्याकडे यंत्रही चालतं आणि लबाडीही चालते, दोन्हीला शब्द एकच. कुणी मुद्दाम करून ठेवलंय की काय कोण जाणे.

आमचा पंप तू पाहिलायस. टिफिनच्या डब्याएवढा, पेशंटच्या नळीतून औषध किती हळू जायचं ते ठरवणारा. त्यातली मोटर फिरवते ती नखाएवढी चिप तुझ्या दुकानातून येते. मागच्या आठवड्यात एका हॉस्पिटलातून नर्सबाईंचा फोन आला. सर्व्हिसवाला जागेवर नव्हता म्हणून मी उचलला. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या स्क्रीनवर औषध चाललंय, पण पिशवी मघाशी होती तेवढीच आहे." स्क्रीन आकडे पुढे ढकलत होती आणि मोटर केव्हाचीच थांबलेली. (मोटर थांबली तरी बोंब न मारणारा पंप ज्यांनी डिझाइन केला त्यांच्या नावाने मी वेगळा शंख करतोय, ते सोड.) बाईंनी पिशवीकडे बघितलं म्हणून पेशंट वाचला. स्क्रीनवर विश्वास ठेवला असता तर, असं मी त्या दिवसापासून दाढी करतानाही म्हणतोय.

पंप परत आला, उघडला. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा चिपवर घासला आणि बोळा काळा. चिपच्या पाठीवरचा रंग निघाला, रंगाबरोबर छापलेला नंबर निघाला, आणि खालून दुसराच नंबर वर आला, अर्धवट घासलेला. खेळण्यातली मोटर फिरवायला ठीक आहे अशी चिप. भंगारातल्या जुन्या बोर्डावरून आच देऊन उपटलेली, पाठ घासलेली, काळी रंगवलेली, आणि वर आमच्या भारी चिपचा नंबर. तुला काय सांगतोय म्हणा. हे कसं करतात ते मला तूच सांगितलं होतंस.

मी आधी स्वतःलाच शिव्या घातल्या. हा लॉट मीच पास केलेला. बोळा मीच घासलेला, तेव्हा पांढराशुभ्र राहिला होता, मी खूश होऊन सही ठोकली होती. मग हे झालं कसं? स्टोअरमधून त्याच लॉटचं उरलेलं एक अख्खं रीळ मागवलं, लांब पट्टीवर ओळीने चिपा बसवून गुंडाळलेलं. साहेब नको म्हणत होते, उलगडलेलं रीळ मशीन परत घेत नाही, सगळा माल वाया जाईल. मी म्हटलं वाया गेलेलाच आहे. टेबलावर मावेना, तर सगळी पट्टी जमिनीवर पसरली आणि गुडघ्यांवर रांगत एकेक घासत गेलो. सुरुवातीच्या चिपा खऱ्या. शेवटच्या खऱ्या. मधल्या सगळ्या नकली.

ताई, यात नशिबाचा काही संबंध नाही. नकली माल करणारा माणूस रिळात चार खऱ्या चिपा टाकतो, तेही वरच्या बाजूला, कुणी सहज बघितलं तर दिसाव्यात म्हणून. शेवटाला कोण टाकतो? रिळाचं शेवटचं टोक बाहेर काढायचं म्हणजे केवढा व्याप. तो व्याप करणारा माणूस या धंद्यात मला तरी एकच माहीत आहे, आणि तो मी. तोंडाचे दोन नग घ्यायचे, शेपटीचे दोन घ्यायचे, ही माझी स्वतःची खोड. कंपनीच्या नियमात नाही. साहेबांनाही धड माहीत नाही.

तुला माहीत होतं. तुझ्याच घरी जेवायला बसलो होतो, भावोजी भात वाढत होते, आणि तू विचारलंस की तू दिवसभर करतोस तरी काय. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आईला वाटतं मी दुरुस्तीवाला आहे. मी इतका फुशारलो की चमच्याने ताटात रीळ काढून दाखवलं, हे तोंड, ही शेपूट, इथून घ्यायचे, असे घासायचे. तू घास तसाच हातात धरून ऐकत होतीस. म्हणालीस, "आणि मधले?" मी हसलो. म्हटलं, मधले कोण बघतंय. भावोजीही हसले. तू हसली नव्हतीस, हे मला आत्ता आठवतंय, आणि खरंच आठवतंय की मी उगाचच ते आठवून घेतोय, हेच कळेनासं झालंय.

म्हणून काल फोन केला. मला वाटलं होतं तू चिडशील, माझ्यावर असला संशय घेतोस म्हणून आकाशपाताळ एक करशील. केलं असतंस तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालीस, "अरे, मला माल देतो त्याला मी फक्त सांगितलं, गिऱ्हाईक कुठून तपासतं ते." फक्त. आणि मग सगळा बाजारच तसा झालाय, खरा माल मिळायला वर्ष वर्ष थांबावं लागतं, तुमच्याच खरेदीवाल्यांना घाई असते, मी काय घरी चिपा रंगवत बसते का. यातलं एकही वाक्य खोटं नाही. आमचे खरेदीवाले खरंच असेच आहेत. तरीही.

तुला तो कपॅसिटर आठवतो का? मी शाळेतून दुकानात येऊन बसायचो, रेझिस्टरचे पट्टे वाचायला शिकत होतो. एक डीलर मोठ्या ऐटीत कपॅसिटरची खोकी घेऊन आला. तू एक हातात घेतलास, कानाशी हलवलास, आणि पक्कड घेऊन त्याच्या समोर टरकन फाडलास. आत बोटाच्या पेराएवढा छोटा कपॅसिटर, बाहेर नुसता मोठा डबा. तू तो सगळ्या गल्लीला दाखवत फिरलीस, बघा बघा, पोटुशी आहे, पोटात पिल्लू निघालं. डीलर परत गल्लीत फिरकला नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना क्रिकेटवाले व्हायचं होतं, मला पक्कड घेऊन असं फाडणारा माणूस व्हायचं होतं. झालो. आणि पहिला मोठा माल फाडला तो तुझा निघाला. यावर काहीतरी विनोद कर ना. तुला जमेल.

साहेबांना मी सगळं सांगितलंय. जेवणाचंही. ते म्हणाले पंप परत आणू, पण सर्व्हिसिंग आहे म्हणून सांगायचं, कारण बोलायचं नाही. माझ्या नोकरीचं नंतर बघू म्हणाले. तुझ्या दुकानाचं नाव आमच्या यादीतून काल संध्याकाळीच गेलं. ते तुला आज कळेलच, म्हटलं माझ्याकडून कळावं. पण एवढ्यासाठी मी हे लिहिलं नसतं.

काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "तुझीच एकट्याची तक्रार आहे, बाकी कुणी काही बोललं नाही." बाकी कुणी. मी रात्रभर याच दोन शब्दांवर बसून आहे. आमचे पंप कुठे गेले ते मला माहीत आहे, मी आत्ता ते आणायलाच निघालोय, व्हॅन तुझ्या दुकानासमोर उभी आहे आणि हे मी मांडीवर पुठ्ठा ठेवून लिहितोय. पण तीच रिळं तू आणखी कुणाला दिलीस, ती त्यांनी कशात बसवली, लिफ्टमध्ये, गाडीच्या ब्रेकमध्ये, आणखी कुणाच्या नळीवर, ते फक्त तुला माहीत आहे. मला नावं सांगू नकोस. माझी माफीही मागू नकोस, मला तिचं काय करायचं तेच कळणार नाही. दुकान उघडायच्या आधी एकेकाला फोन लाव आणि सांग, मधले तपासा. दोनच शब्द आहेत. ते म्हटल्यावर तुझ्याकडून या गल्लीत पुन्हा कुणी माल घेणार नाही, हे मला कळतं. तरीही लाव. वर तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली, म्हणजे तू उठलीस. तू खाली आलीस की चहा घे म्हणशील, आणि मी घेईन, म्हणून थांबत नाही. कागद शटरखालून सरकवतोय. ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलीय.

तुझाच,
बारक्या