डावखुऱ्या सम्राटाची मोहोर

मी, गायस साबिदियस हिलारस, रोमच्या टांकसाळीतला निवृत्त ठसेकार, गुडघे गेलेले, डोकं मात्र ठिकाणावर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवतो. (डोक्याबाबत माझी दासी झिया हिचं मत वेगळं आहे.)

एक. वारस माझा पुतण्या फुस्कस. खोली भाड्याची, ती देता येत नाही. त्याला माझ्या छिन्न्या मिळाव्यात. त्या बोथट आहेत, तोही आहे; जमेल दोघांचं. "काका, झियापण मलाच ना? डाळ काय करते हो!" असं तो परवा माझ्या उशाशी बसून म्हणाला. मी झोपेचं सोंग घेतलं.

दोन. सोन्याची मोहोर. सम्राटांनी डेशिया जिंकल्यावर ही पाडली, ठसा मी कोरला. युद्ध मी पाहिलेलं नाही; माझं रक्त सांडलं ते छिन्नी अंगठ्यात घुसली तेव्हा. चित्र असं: घोड्यावर भाला उगारलेले सम्राट, खाली बांधलेली डेशियन बाई. नमुना हवा म्हणून गुलामांच्या बाजारातून नुकत्याच आणलेल्या डेशियन झियाला मी हात मागे बांधून जमिनीवर बसवलं. ठशात सगळं उलटं कोरायचं असतं, तेव्हा नाण्यावर सुलटं उमटतं, आणि सम्राटांचा हात कोरताना मी नेमकं तेच विसरलो. सम्राट डावखुरे निघाले! टांकसाळीच्या साहेबांनी वाहवा करून एक मोहोर बक्षीस दिली. सोन्यापुढे हात कोण बघतो?

झियाने बघितला. "मालक, भाला उजव्या हातात होता. मी पाहिलंय सम्राटाला, आमच्या वेशीत." मग तिचं बोट खाली सरकलं. "आणि माझे हात अजून बांधलेलेच."

मला लाज वाटली. म्हणून मी विचारलं, जेवायला काय आहे.

तीन. माझ्या मृत्यूनंतर झिया मुक्त व्हावी व मोहोर तिला मिळावी.

हे वाचून दाखवताच चुलीजवळून आवाज आला, "तुम्ही मेल्यावर? अहो मालक, तुम्ही दर हिवाळ्यात मरता आणि वसंतात उठून बसता!" साक्षीदार खो खो हसले. मला हसू येईना.

सबब कलम तीन रद्द. या साक्षीदारांसमोर झिया आत्तापासून मुक्त आहे. मोहोर तिच्या हातात दिली. फुस्कसला डाळ हवी असेल तर तिलाच विचारावं. मलाही आता विचारावंच लागेल.

साक्षी व शिक्के: न्हावी अप्रोनियस, पाववाला मुस्टियस आणि खानावळीतून धरून आणलेले पाच जण, आले तेव्हा तरी शुद्धीत.

रोम, मार्चच्या इदसचा, म्हणजे पंधरा तारखेचा, आदला दिवस.

सही: हिलारस. उजव्या हाताने केली आहे. झियाने नीट बघून घेतलंय.